एका नृत्यमंडळीचे बिऱ्हाड

इंदुरावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता मराठी माणसाच्या चांगला ओळखीचा आहे. होळकर इंदुरास, पवार देवास-धारेस आणि शिंदे ग्वाल्हेरीस स्थिरावले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शास्त्री, कीर्तनकार, गवई आणि नाटक मंडळ्या या बाजूस येत राहिल्या. त्या सगळ्यांचा इतिहास कोणी ना कोणी लिहून ठेवला आहे. परंतु याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला जन्मलेल्या आणि १९६४ साली उत्तरेकडे ग्वाल्हेरीस बिऱ्हाड हलविणाऱ्या एका मंडळीची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. ही मंडळी मराठी नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की तिने मागे कागद फारसा ठेवला नाही. तिचे नाव 'लिटल बॅले ट्रूप'. स्थापना मुंबईस, १९५२ साली; संस्थापक शांती बर्धन.

'बॅले' हा शब्द ऐकून वाचकांनी पायाच्या बोटांवर उभ्या राहणाऱ्या गोऱ्या नर्तिका डोळ्यांपुढे आणू नयेत. हा शब्द आपल्याकडे आला तो उदयशंकरांच्या पावलांनी. १९२३ साली लंडनमध्ये ॲना पाव्हलोव्हाबरोबर त्यांनी राधाकृष्णाचे नृत्य केले आणि पुढे भारतात परतून, आपल्याच नृत्यांच्या सामग्रीतून समूहाने सांगावयाच्या कथांना हे विलायती नाव चिकटले. 'नृत्यनाट्य' हा शब्द अधिक बरा. पण नाव एकदा पाटीवर रंगविले की ते पुसत नाही.

उदयशंकरांनी अल्मोड्यास जे कलाकेंद्र चालविले ते १९४४ साली बंद पडले. इतक्या थोड्या अवधीत इतका मोठा परिणाम करणारी दुसरी नृत्यशाळा या देशात झाली नसेल. कथकळीला शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यास कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीला अमोबी सिंग, आणि संगीतास मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ! या गुरूंच्या तासांखेरीज उदयशंकरांचा स्वतःचा एक तास असे. त्यात ठरावीक मुद्रा शिकवीत नसत. पाहिलेले, आठवलेले, मनात आलेले अंगातून काढून दाखवावे लागे. आपल्या कोंकणी घरातला गुरुदत्त पदुकोण १९४२ साली याच शाळेत दाखल झाला होता, आणि पुढे पडद्यावर त्याने गाण्यांची जी हालचाल बांधली तिच्यात त्या तासांचा वाटा आहे असे म्हणावयास हरकत नाही. शांती बर्धन याच केंद्रात होते. जन्म १९१६ चा, पूर्व बंगालातल्या कोमिल्ल्याकडचा. मणिपुरी आणि त्रिपुरी नृत्यांचे संस्कार बरोबर घेऊन आलेला हा माणूस उदयशंकरांचा साहाय्यक म्हणून तेथे काम करी.

अल्मोडा सुटले तेव्हा बंगालचा १९४३ चा दुष्काळ ताजा होता. त्याच्या मदतकार्यातून उभ्या राहिलेल्या जननाट्य संघाने १९४४ साली मुंबईजवळ अंधेरीस एका बंगल्यात आपले मध्यवर्ती पथक वसविले, आणि बर्धन तेथे नृत्य बसवावयास आले. पाठीशी कम्युनिस्ट पक्ष होता. पथकात बंगाली, गुजराती, मल्याळी, हिंदीभाषी अशी तरुण मंडळी एका छपराखाली राहत. स्वयंपाक, झाडलोट आणि तालीम यांची पाळी सर्वांनाच. माळव्यातील वाचकांस येथे एक धागा सापडेल. शुजालपूरच्या शाळेत गजानन माधव मुक्तिबोधांबरोबर शिकविणारे नेमिचंद्र जैन आणि त्यांच्या पत्नी रेखा जैन हे दोघेही या अंधेरीच्या पथकात होते. मुक्तिबोध इंदूरच्या होळकर कॉलेजचे विद्यार्थी. घरची भाषा मराठी आणि लेखणी हिंदी. म्हणजे अंधेरीचा बंगला आपल्या गावापासून वाटतो तितका दूर नव्हता.

या पथकाने 'भारत की आत्मा' आणि त्यानंतर 'अमर भारत' ही नृत्यनाट्ये केली. दुसऱ्याचे संगीत तरुण रविशंकरांचे. 'सारे जहाँ से अच्छा'ची आज सर्वांच्या ओठांवर असलेली चालही त्यांनी याच काळात, १९४५ साली बांधली. राजकारणाच्या ओढाताणीत पथक पुढे फार टिकले नाही. १९४७ साली नेहरूंच्या ग्रंथावरून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' रंगभूमीवर आले, त्याची नृत्यरचनाही बर्धनांचीच. त्यानंतर क्षयाने त्यांना अंथरुणास खिळविले.

येथून पुढची दोन वर्षे, १९५२ ते १९५४, ही या हकिकतीतली खरी वर्षे. आजारातून अर्धेमुर्धे उठलेल्या, स्वतः पूर्वीसारखे नाचू न शकणाऱ्या माणसाने नवी मंडळी जमविली. तिच्यात अंधेरीच्या पथकापासूनच्या सहकारी आणि आता पत्नी झालेल्या गुल बर्धन होत्या. माहेरच्या त्या झवेरी, गुजराती. पैसा नव्हता. नाव असलेले नर्तक मोजके. अशा मंडळीकडून काय करवून घ्यावयाचे? बर्धनांनी रामायण घेतले, आणि ते माणसांकडून नव्हे, बाहुल्यांकडून करविले.

ग्रामीण जत्रा भरली आहे, लोक जमले आहेत आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ सुरू होतो, अशी कल्पना. पण बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक, चेहऱ्यावर मुखवटे, हालचाल दोरीला बांधल्यासारखी तुटक आणि कोनाकोनाची. मुखवटे आणि वेष अप्पुणी कर्था यांचे. संगीत अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे पुतणे बहादुर खाँ यांचे. हे 'रामायण' १९५३ साली रंगभूमीवर आले.

या युक्तीचा थोडा विचार करण्यासारखा आहे. आपल्या शास्त्रीय नृत्यात भाव राहतो तो डोळ्यांत, भुवईत, ओठांच्या कोपऱ्यात. मुखवटा चढविला की हे सारे एका क्षणात बाद होते. सीतेला रडावयाचे तर तिने मान किती ढळवावी, खांदा केव्हा सोडावा, गुडघ्यातून किती मोडावे, एवढ्यावरच ते रडणे उभे राहते. हे फार अवघड आहे, आणि तरीही एका अर्थी शिकविण्यास सोपे. ज्याने दहा वर्षे कथकळी केली आहे आणि जो काल गावाकडून आला आहे, ते दोघेही बाहुलीच्या या नव्या व्याकरणात सारखेच नवशिके. नाना प्रांतांच्या, नाना तयारीच्या तरुणांना एका चालीवर आणण्यासाठी याहून नेमकी योजना मला तरी सुचत नाही. शिवाय बाहुलीचे रामायण दमछाक झालेल्या गुरूला बसून सांगता येते. ही दुसरी गोष्ट बर्धनांच्या मनात होती असा माझा दावा नाही. मला ती दिसते, एवढेच.

कोकणच्या वाचकांना बाहुल्यांच्या रामायणाचे नवल वाटणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी आणि चामड्याच्या सावल्या या तिन्ही रूपांनी रामकथा सांगत आले. सावंतवाडीच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. आणि मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे! १८४३ साली सांगलीस त्यांनी 'सीतास्वयंवर' केले हे सर्वांस ठाऊक आहे; त्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या आणि रामदास पाध्ये यांनी त्या आपल्या काळात पुन्हा हालत्या केल्या, हे कमी जणांस. माणूस, बाहुली आणि रामकथा यांचे त्रिकूट आपल्या घरचेच आहे.

सप्टेंबर १९५४ मध्ये शांती बर्धन गेले. वय अवघे अडतीस. 'पंचतंत्रा'चे काम हाती होते. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांच्या मैत्रीची ती कथा. पक्ष्यांच्या हालचाली त्यांनी योजून ठेवल्या होत्या. ते नृत्यनाट्य पुरे केले मागे राहिलेल्यांनी. अल्मोड्याचे जुने सहकारी प्रभात गांगुली पुढे रचनेची बाजू सांभाळू लागले आणि मंडळीचा संसार गुलबेनांनी अंगावर घेतला.

'संसार' हा शब्द मी जाणून वापरला. नाटककार वारला तर पोथी राहते; किर्लोस्करांचे 'सौभद्र' कोणीही काढून वाचावे. इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर शिकले; त्यांचे कॅनव्हास भिंतींवर आहेत. उस्ताद अमीर खाँ १९७४ साली गेले, तरी त्यांचा मारवा तबकडीवर ऐकता येतो. नृत्यनाट्य कोठे राहते? बर्धनांचे 'रामायण' राहिले ते पंधरावीस माणसांच्या गुडघ्यांत आणि मानेत. त्यातली दोन माणसे मंडळी सोडून गेली की दोन पात्रे गेली. चित्रफीत काढली तरी तिच्यावरून पाऊल कळते, पावलामागचा भार कळत नाही.

पोथीवाचून टिकलेले नाट्य आपल्याकडे नाही असे नव्हे. दशावताराचे संवाद कोणी लिहून देत नाही. नट ते रंगात आल्यावर बोलतो. पण दशावतारामागे गावोगावच्या जत्रा आहेत. कार्तिकात खेळ सुरू होतात, वैशाखापर्यंत रात्री भरतात आणि पावसाळ्यात नट शेतावर जातो. देवाचे वर्ष नटाचे वर्ष बांधून ठेवते. बापाचे पाहून मुलगा शिकतो. बर्धनांच्या मंडळीला देऊळ नव्हते, जत्रा नव्हती, पिढीजात घराणे नव्हते आणि पावसाळ्यात परतावयाला शेतही नव्हते. नृत्यमंडळीच्या वर्षात प्रयोगाचे दिवस थोडे आणि तालमीचे फार. प्रयोगाच्या दिवशी तिकीट विकले जाते; तालमीच्या दिवशी फक्त जेवण लागते. दौरा संपला म्हणून नर्तकांना सुट्टी दिली, तर चार महिन्यांनी 'रामायण' पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागेल.

म्हणून या मंडळीने जे केले ते मला कलेइतकेच महत्त्वाचे वाटते. अंधेरीच्या पथकात शिकलेली एकत्र राहण्याची रीत तिने सोडली नाही. एकत्र राहणे, काम वाटून घेणे, आणि नव्या माणसाने जुन्याजवळ उभे राहून त्याची भूमिका अंगात उतरविणे, हीच तिची शाळा होती. अल्मोड्यास आधी शाळा होती आणि तिच्यातून नर्तक निघाले. येथे उलट, नाटक जिवंत ठेवावयाचे म्हणून शाळा चालवावी लागली. मुंबईत हे चालविणे दिवसेंदिवस महाग पडत गेले असणार. शचीन शंकर हे अंधेरीचेच जुने सहकारी. त्यांनी १९५३ साली काढलेले नृत्यपथक मुंबईतच राहिले आणि आपल्या पद्धतीने नांदले. बर्धनांच्या मंडळीने १९६४ साली मुंबई सोडली.

ग्वाल्हेर हे तानसेनाचे आणि ख्यालगायकीचे गाव. तेथील मराठी वाड्यांनी कृष्णराव पंडितांची गायकी सांभाळली. अशा गावात मुखवटे घालून कोनांत हलणारी मंडळी प्रथमदर्शनी परकी वाटली असल्यास नवल नाही. परंतु विद्या माणसाकडून माणसाकडेच जाते, हे त्या गावाला कोणी शिकवावयास नको होते. मंडळी तेथे रुजली, 'रंगश्री' हे नाव तिच्याशी जोडले गेले आणि वीसेक वर्षे काढून ती भोपाळला आली. १९८२ साली भारत भवन उघडल्यापासून या राज्याच्या राजधानीत कलांची वर्दळ वाढलीच होती; श्यामला टेकडीवर मंडळीचे नवे बिऱ्हाड लागले. इंदूरच्या माणसाला आता ती शेजारीण झाली. आपण या शेजारणीकडे किती वेळा गेलो, हा हिशेब ज्याने त्याने आपल्यापुरता करावा.

गुलबेन अखेरपर्यंत तालमीच्या माणूस राहिल्या. सोळासतरा वर्षांच्या असताना अंधेरीच्या बंगल्यात जे पाऊल त्यांनी टाकले, ते भोपाळात त्यांच्याहून साठ वर्षांनी लहान मुलांच्या पायांत उतरत होते. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वारल्या. बर्धनांनी बसविलेल्या 'रामायणा'ला तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती, आणि मंडळी ते तोवर करीत आली होती.