सॅलमिसची लढाई

सॅलमिसची लढाई : (इ. स. पू. ४८०, सप्टेंबरअखेर). ॲटिकाचा किनारा आणि सॅलमिस बेट यांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनीत ग्रीक नगरराज्यांच्या संयुक्त आरमाराने इराणचा सम्राट पहिला झर्क्सीझ याच्या आरमाराचा केलेला निर्णायक पराभव. मुख्य आधार दोन : हीरॉडोटसच्या इतिहासाचा आठवा खंड आणि ईस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक (इ. स. पू. ४७२). आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत ते सर्वांत जुने असून, खुद्द ईस्किलस या लढाईत असावा.

थर्मोपिलीची खिंड इराण्यांच्या हाती पडल्यावर अथेन्स रिकामे करण्यात आले. इराण्यांनी ॲक्रोपोलिस जाळले. तरी अथेन्सकडे जहाजे होती, ती लॉरियनच्या खाणींतील रुप्यामुळे. ही चांदी नागरिकांत वाटू नये, तिची जहाजे बांधावीत, हे अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीझ याने तीन वर्षे आधीच लोकांच्या गळी उतरवले होते.

जहाजे : ईस्किलस ग्रीकांची ३१० सांगतो. हीरॉडोटस ३७८ म्हणतो, पण त्यानेच दिलेल्या नगरवार आकड्यांची बेरीज ३६६ भरते. इराणी आरमाराचा १,२०७ हा आकडा दोघांकडेही आहे. मात्र हीरॉडोटसचा मोहिमेच्या आरंभीचा आहे, आणि वाटेतल्या वादळांत त्यांतली बरीच जहाजे बुडाली.

दोन्हीकडचे प्रमुख जहाज ट्रायरीम. अथेन्सच्या ट्रायरीमवर सुमारे २०० माणसे, पैकी १७० वल्हेकरी. ते तीन थरांत बसत : वर ६२, मध्ये ५४, तळाला ५४. माणशी एक वल्हे. तळच्यांना समुद्र दिसत नसे. वरच्यांचा घाम त्यांच्या अंगावर गळे. इतिहासकार थ्यूसिडिडीझने नंतरच्या एका मोहिमेच्या वर्णनात प्रत्येक वल्हेकऱ्याच्या हाती वल्हे, बसायची गादी आणि वल्हे बांधायचा पट्टा दिला आहे; वल्हेकऱ्याचे सामान ते एवढेच. नाळेला पाण्याच्या पातळीवर काशाची चोच बसवलेली असे. ती शत्रूच्या कुशीत घुसवून लगेच उलटे वल्हवत मागे सरायचे, हे खरे कसब. लढाईच्या वर्णनांत सेनापतींची नावे येतात, या माणसांची येत नाहीत. पण जहाज वळवले ते त्यांनीच.

लढाई : ग्रीक पळण्याच्या बेतात आहेत, असा निरोप थेमिस्टोक्लीझने सिकिनस या आपल्या सेवकाकरवी शत्रूकडे पोहोचवला. इराण्यांनी वाटा रोखल्या. त्यांचे वल्हेकरी रात्रभर वल्ह्यांवरच राहिले. सकाळी अरुंद पाण्यात त्यांची दाटी झाली, पुढची जहाजे माघारी वळताना मागून येणाऱ्यांवर आदळली. झर्क्सीझ किनाऱ्यावरून पाहत होता. त्याचा भाऊ ॲरिॲबिग्नीझ ठार झाला. ग्रीकांना पोहता येई, म्हणून जहाज फुटले तरी ते बेटाला लागले. इराण्यांपैकी अनेक जण पोहता न आल्याने बुडाले, असे हीरॉडोटस नोंदवतो. कॉरिंथची जहाजे पळाली, हा अथेन्सचा आरोप. इतर ग्रीकांनी तो नाकारला.

सामुद्रधुनीजवळच्या सिताइलिया बेटावरील इराणी तुकडी अथेन्सच्या ॲरिस्टायडीझने कापून काढली.

झर्क्सीझ आशियात परतला. त्याचा सेनापती मार्डोनियस याच्या हाताखाली मागे राहिलेले सैन्य पुढील वर्षी प्लटीआ येथे हरले.