नीतीचा तास: गोव्याच्या घंटेपासून आपल्या शाळेपर्यंत

बचत गटाच्या बैठकीत आपण मुलांच्या शाळेबद्दल पुष्कळ बोलतो. फी किती, एसटी वेळेवर येते का, गणिताला शिक्षक आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का. वेळापत्रकातल्या एका तासाबद्दल मात्र आपण सहसा विचारत नाही. आपल्या शाळांत त्याला मूल्यशिक्षण म्हणतात, कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्स. चांगलं काय आणि वाईट काय, हे मुलांना शिकवायचा तो तास. मूल नववी-दहावीच्या वर्गात गेलं की हा तास कधी गणिताला जातो, कधी विज्ञानाला. पण याच वयात मुलांपुढे खरे पेच उभे राहतात. मोबाइल, मैत्री, कॉपी, व्यसन, हुंडा, जात. मग नीती शिकवायची कुणी, कोणत्या भाषेत, आणि कुणाला विचारून?

हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या मराठी-कोकणी मुलखात कॅथलिक ख्रिस्ती लोक गेली पावणेपाचशे वर्षं मुलांना नीती शिकवत आले आहेत. त्यात काही रुजलं, काही अंगावर उलटलं. तो इतिहास आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून आज तो सांगतो आहोत.

कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपना आपले धर्मगुरू मानणारे ख्रिस्ती. आपल्या परभणी जिल्ह्यात ते संख्येने थोडे आहेत. त्यांच्या व्यवस्थेत आपला जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. पण ते चालवतात त्या शाळांत सगळ्या धर्मांची मुलं शिकतात, म्हणून हा विषय फक्त त्यांचा राहत नाही.

सुरुवात होते गोव्यात. १५४२ साली फ्रान्सिस झेविअर हे धर्मगुरू तिथे उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत, मुलं गोळा करत आणि प्रार्थना व दहा आज्ञा म्हणून घेत. आई-वडिलांचा मान राख, हत्या करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, अशा त्या आज्ञा. पद्धत पाठांतराची. आपण पाढे पाठ केले, तसंच.

पाठांतरात वाईट काही नव्हतं. वाईट आलं ते सत्तेच्या हातून. गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचं. १५५९ साली त्यांच्या राजाने फर्मान काढलं, की अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती धर्मगुरूंच्या कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि तिथे त्यांना बाप्तिस्मा देऊन वाढवावं. पुढच्याच वर्षी, १५६० साली, इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय बसलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात जुनी रीत पाळली तरी त्याची चौकशी होई, शिक्षा होई. मधली काही वर्षं सोडली तर हे न्यायालय १८१२ पर्यंत चाललं. आता विचार करा, मैत्रिणींनो. ज्या घरात चुलीपुढे काय बोललो याचीही भीती, तिथलं मूल नीती शिकेल की लपवायला शिकेल? भीतीने माणूस गप्प बसतो. तो चांगला होतोच असं नाही.

त्याच गोव्यात, त्याच काळात, एका माणसाने दुसरी वाट धरली. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि सुमारे चाळीस वर्षं राहिले, बहुतेक काळ साष्टी भागात. तिथली माणसं पुराण ऐकणारी. पण ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद झालेली आणि नवं काहीच हाती आलेलं नव्हतं. ही त्यांची तक्रार स्टीफन्स यांनी ऐकली. ते मराठी शिकले, कोकणी शिकले आणि 'क्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली ते छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या. चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी त्या वाचल्या जाऊ लागल्या.

ओवी म्हणजे काय, हे गंगाखेडच्या जनाबाईंच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्या जे गात आल्या, तीच ही घडण. परदेशातून आलेल्या माणसाला कळलं, की इथल्या लोकांच्या मनात शिरायचं तर ओवीच्या वाटेनेच शिरावं लागेल. त्यांनी कोकणीत ख्रिस्ती शिकवणुकीचं सवाल-जबाबाचं पुस्तकही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूरला छापलं गेलं. धर्मप्रसार हा त्यांचाही हेतू होताच, ते लपवायचं कारण नाही. पण समोरच्याची भाषा आधी शिकायची आणि मग बोलायचं, ही त्यांची रीत आजही घेण्यासारखी आहे.

राज्यकर्त्यांनी मात्र ती घेतली नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं. झालं काय? कोकणी घराघरांत जगली. आयांनी अंगाई कोकणीतच म्हटली. १९८७ साली तीच कोकणी गोव्याची राजभाषा झाली. हुकमाने भाषाही बदलली नाही, तिथे मन कुठून बदलणार?

आता आपल्याकडे या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या काळी पुढचं शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हायस्कुलात गेलं की परकी भाषा. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. तिथे मुसलमान विद्यार्थ्यांना धर्माचा विषय असे, आणि इतरांना त्याच्या जागी नीतीचा. कॅथलिक शाळांतही पुढे अशीच विभागणी रूढ झाली. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात, बाकीची मुलं नीतिशिक्षणाच्या वर्गात. निजामाचं राज्य आणि पाद्रींची शाळा, दोघांनाही एकच अडचण आली होती. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकत्र बसवून चांगुलपणा कसा शिकवावा?

स्वतंत्र भारताच्या संविधानाने १९५० साली याला उत्तर दिलं. कलम २८ लक्षात ठेवा. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा सरकारी अनुदान घेते, तिथे धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी स्वतः तयार हवा, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी. पालक म्हणजे आपणच, बायांनो. १५५९ च्या फर्मानात मुलाच्या माणसांना विचारायची सोय नव्हती. १९५० च्या संविधानात विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं मोठं अंतर मधल्या चारशे वर्षांत कापलं गेलं.

याचा अर्थ शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही, असा नाही. निरनिराळ्या धर्मांची माहिती देणं वेगळं आणि एका धर्माचा उपदेश करणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका निकालात मानला.

खुद्द कॅथलिक चर्चही बदललं. १९६२ ते १९६५ या काळात रोमला जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येत नाही, असं तिने १९६५ साली जाहीर केलं. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आई-वडील, शाळा त्यांच्या मदतीला, हेही तिने मांडलं. ज्या संस्थेच्या नावाने एके काळी धर्मन्यायालय चाललं, तिनेच हे मान्य करावं, ही मोठी गोष्ट आहे.

मग मोठ्या मुलांना कॅथलिक नीती काय शिकवते? लहानपणी दहा आज्ञा पाठ झालेल्या असतात. मोठेपणी विवेकावर भर येतो. एखादं काम बरं की वाईट हे ठरवताना तीन गोष्टी बघायला सांगतात. काम स्वतः कसं आहे, ते कोणत्या हेतूने केलं, आणि परिस्थिती काय होती.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. बारावीच्या परीक्षेत कॉपी. मुलगा म्हणतो, 'आई, सगळेच करतात. मी पास झालो तर तुझे कष्ट वाचतील.' हेतू तर चांगला दिसतो. परिस्थितीही खरी आहे, वर्षभर शिक्षक नव्हते, कापूस वेचायला घरी राहावं लागलं. तरी काम काय आहे? जे आपल्याला येत नाही ते येतं असं खोटं दाखवणं, आणि रात्र-रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलीच्या पुढे जाणं. चांगल्या हेतूने वाईट काम चांगलं होत नाही, असं ही शिकवण सांगते. परिस्थितीमुळे दोष कमी होऊ शकतो, पण काम बरोबर ठरत नाही. नुसतं 'कॉपी करू नको' म्हणण्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला असं सोडवून दाखवलं तर तो ऐकतो, वाद घालतो आणि विचार करतो. हे तीन प्रश्न विचारायला कॅथलिक असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मजुरीची. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर एक पत्र प्रसिद्ध केलं. मजुराला त्याचं घर चालेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे आणि कामगारांना संघटना करता आली पाहिजे, असं त्यात मांडलं. तेव्हापासून कामाचा मोबदला हाही कॅथलिक नीतीचा विषय झाला. म्हणजे नीती फक्त घरातल्या मुलीने कसं वागावं एवढ्यापुरती नाही. मुकादमाने उचल देताना हिशेब कसा लिहावा, बाईला आणि गड्याला सारख्या कामाचे सारखे पैसे द्यावेत की नाही, हेही तीत येतं. आपल्याकडे मात्र नीतीचे धडे बहुतेक वेळा मुलींच्याच वाट्याला येतात. मुलांना कुणी बसवून सांगत नाही.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू आणि मराठीचे लेखक. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, 'सुवार्ता' मासिक चालवलं. पण वसईची शेती, झाडं आणि पाणी गिळंकृत होऊ लागलं तेव्हा ते लोकांबरोबर हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. २०२० साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. शिकवायचं आणि तसंच वागून दाखवायचं, तेव्हा मुलं विश्वास ठेवतात.

आपल्या राज्याच्या मूल्यशिक्षणातही श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी मूल्यं आहेत. यादी चांगलीच आहे. पण भिंतीवर लिहिलेली यादी आपोआप मुलाच्या वागण्यात उतरत नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करू या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊणपट पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारू. हा तास खरंच होतो का? त्यात मुलांना प्रश्न विचारू देतात का? आणि धर्माचं काही शिकवत असतील, तर आम्हाला विचारलं आहे का? शाळा कोणत्याही धर्माच्या माणसांनी चालवलेली असो, प्रश्न हेच राहतील. विचारताना आवाज चढवायची गरज नाही. संविधानाने दिलेला हक्क शांतपणेही मागता येतो.

आणि चौथा प्रश्न घरी, स्वतःला. मुलीला जे नियम सांगतो, ते मुलाला सांगतो का? त्याचं उत्तर गटात मोकळेपणाने बोलू या.