ट्रायथलॉनमधील खुल्या पाण्यातील घबराट

ट्रायथलॉनमधील खुल्या पाण्यातील घबराट म्हणजे समुद्र, नदी, सरोवर किंवा धरणाच्या जलाशयात पार पडणाऱ्या जलतरण टप्प्यात स्पर्धकाला अचानक वाटणारी तीव्र भीती होय. अशा वेळी श्वास अपुरा पडतो, छाती धडधडते आणि पोहण्याची लय तुटते. नवशिक्यांबरोबरच जलतरण तलावात अनेक किलोमीटर सहज पोहणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. घबराटीची सुरुवात बहुधा श्वासोच्छ्वास बिघडण्यातून होते. त्यामुळे पोहणे थांबवून श्वास पूर्ववत करणे हा तिच्यावरील पहिला उपाय मानला जातो.

पार्श्वभूमी

जलतरण, सायकलिंग आणि धावणे यांचा समावेश असलेल्या आधुनिक ट्रायथलॉनची पहिली स्पर्धा १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मिशन बे परिसरात झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश करण्यात आला. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत १.५ किमी, अर्ध-आयर्नमॅन अर्थात '७०.३' प्रकारात १.९ किमी, तर पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किमी पोहावे लागते. हे तिन्ही टप्प्यांतील सर्वांत कमी अंतर असले, तरी सायकलवरून उतरून किंवा धावताना रस्त्याच्या कडेला थांबून जशी विश्रांती घेता येते, तशी पाण्यात सहज घेता येत नाही. ही जाणीवच अनेकांच्या भीतीचे मूळ ठरते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जानेवारी २००६ ते सप्टेंबर २००८ या काळातील अमेरिकेतील अधिकृत ट्रायथलॉन स्पर्धांचा आढावा घेण्यात आला. सुमारे ९ लाख ५९ हजार सहभागांमध्ये १४ मृत्यू झाले आणि त्यांपैकी १३ जलतरण टप्प्यात झाले. शवविच्छेदनाचा अहवाल उपलब्ध असलेल्या ९ जणांपैकी ७ जणांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित दोष आढळले. घबराट हे या मृत्यूंचे कारण असल्याचे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. धोका एकंदरीत अल्प असला तरी तो पाण्यात एकवटलेला आहे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

कारणे

थंड पाण्याचा आघात : त्वचा एकाएकी गार पाण्यात बुडाली की माणूस आपोआप खोल श्वास ओढतो, त्यानंतर श्वास जलद होतो, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. ही प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असते व साधारणतः दोन-तीन मिनिटांत ओसरते. याउलट, चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखल्यास हृदयाची गती मंदावते. या दोन परस्परविरोधी आज्ञा हृदयाला एकाच वेळी मिळाल्यास त्याच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, अशी मांडणी ब्रिटिश संशोधक मायकेल शॅटॉक व माइक टिप्टन यांनी २०१२ मध्ये केली.

श्वासाची चुकलेली लय : फ्रीस्टाइल प्रकारात चेहरा पाण्याखाली असताना उच्छ्वास सोडणे आणि मान वळवून श्वास घेणे अपेक्षित असते. धास्तावलेला जलतरणपटू उच्छ्वास रोखून धरतो. त्यामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्यासारखे वाटते. मग तो उथळ व जलद श्वास घेऊ लागतो, त्यातून चक्कर व हातापायांना मुंग्या येतात, आणि ही लक्षणे भीतीत आणखी भर घालतात.

परिसर : जलतरण तलावात तळाची काळी रेघ, स्वच्छ पाणी आणि प्रत्येक फेरीअखेर भिंत असते. खुल्या पाण्यात तळ दिसत नाही, लाटा तोंडावर येतात आणि दिशेसाठी दूरवरच्या बोयाकडे मान उचलून पाहावे लागते. सामूहिक प्रारंभाच्या वेळी इतरांचे हातपाय लागतात, चष्मा निसटतो. घट्ट वेटसूटचा गळ्यावर व छातीवर पडणारा दाबही गुदमरल्याची भावना वाढवतो.

अतिवेग : प्रारंभीच्या उत्साहात सरावापेक्षा अधिक वेगाने पोहल्यास पहिल्या काही मिनिटांतच धाप लागते. ही साधी धापदेखील खोल पाण्यात धोक्याची सूचना वाटू लागते.

स्पर्धेदरम्यानचे उपाय

घबराट जाणवू लागताच वेग कमी करून उताणे तरंगावे किंवा डोके पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक करावा. ब्रिटनमधील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही जीवरक्षक संस्था थंड पाण्यात पडलेल्यांनाही प्रथम पोहण्याची धडपड न करता तरंगत राहण्याचाच सल्ला देते. त्यानंतर श्वास घेण्यापेक्षा तो सावकाश व पूर्ण सोडण्यावर लक्ष द्यावे. उच्छ्वास लांबला की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. श्वास स्थिरावल्यावर अंतिम रेषेचा विचार न करता केवळ पुढच्या बोयापर्यंतचे लक्ष्य ठेवावे.

असे थांबणे नियमबाह्य नाही, हे अनेक स्पर्धकांना ठाऊक नसते. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांनुसार कोणत्याही प्रकाराने पोहता येते, पाण्यात तरंगता येते, तसेच बोया किंवा स्थिर नौकेसारख्या वस्तूला धरून विश्रांती घेता येते. मात्र तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. मदत हवी असल्यास हात डोक्यावर उंच करून हाक द्यावी. ७०.३ स्पर्धेत १.९ किमी पोहण्यासाठी सामान्यतः १ तास १० मिनिटांची मुदत असते. त्या तुलनेत दोन मिनिटांची विश्रांती फारशी महाग पडत नाही.

पूर्वतयारी

खुल्या पाण्याची सवय टप्प्याटप्प्याने करावी लागते. प्रथम उथळ पाण्यात काठाला समांतर, नंतर सोबत्यासह खोल पाण्यात असा क्रम ठेवला जातो. थंड पाण्यात थोडा वेळ वारंवार उतरल्याने शरीराची आघात-प्रतिक्रिया सौम्य होते. जलतरण तलावातही एकाच मार्गिकेत तिघा-चौघांनी खेटून पोहणे, मध्येच थांबून उताणे होणे, ठरावीक हातांनंतर मान उचलून समोर पाहणे आणि भिंतीला न टेकता वळणे यांचा सराव करता येतो. वेटसूट वापरायचा असल्यास तो स्पर्धेपूर्वी अनेकदा घालून पोहावे. स्पर्धेच्या दिवशी परवानगी असल्यास आधी पाण्यात उतरून चेहरा भिजवावा, प्रारंभी गर्दीच्या कडेला राहावे आणि पहिली काही मिनिटे मुद्दाम संथ पोहावे. एकट्याने सराव करणे किंवा पाण्याखाली श्वास रोखण्याची स्पर्धा करणे धोकादायक आहे.

आयोजकांनीही बदल केले आहेत. आयर्नमॅन संस्थेने २०१३ मध्ये जलतरण सुरक्षेसाठी विशेष उपक्रम सुरू केला. आता अनेक स्पर्धांत सर्वांना एकदम न सोडता थोड्याथोड्या स्पर्धकांना क्रमाने पाण्यात सोडले जाते.

घबराट आणि वैद्यकीय आणीबाणी

प्रत्येक वेळी श्वास लागणे ही घबराटच असेल असे नाही. पोहताना काहींच्या फुप्फुसांत द्रव साठतो. या अवस्थेत सतत खोकला येतो, श्वासात घरघर ऐकू येते आणि कधी गुलाबी, फेसाळ थुंकी पडते. घबराट विश्रांतीने ओसरू लागते, ही अवस्था मात्र पाण्यात राहून सुधारत नाही. अशी लक्षणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपत असल्याची भावना असल्यास 'मनाचा खेळ' समजून पोहत राहू नये. तत्काळ मदत मागून पाण्याबाहेर यावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा पूर्वी असा त्रास झालेल्यांनी स्पर्धेपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

गोवा व महाराष्ट्र

भारतातील पहिली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात झाली. तिचा जलतरण टप्पा पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर होता. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील पाणी उबदार असल्याने तेथे थंडीच्या आघाताची शक्यता कमी असते. मात्र लाटा, खारे व गढूळ पाणी आणि गर्दी ही कारणे कायम राहतात. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा नागपूर यांसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांत जलतरण तलावात सराव करणाऱ्यांनी स्पर्धेपूर्वी सुरक्षित व परवानगी असलेल्या ठिकाणी, जीवरक्षकाच्या उपस्थितीत खुल्या पाण्याचा अनुभव घेणे उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पाहा

ट्रायथलॉन, जलतरण, आयर्नमॅन ट्रायथलॉन, बुडणे