तळटीप : ‘मशीनवर निरोप ठेवला’

* मूळ पत्रात ‘मशीन’ असे आहे, पण वर्णनावरून तो व्हॉइसमेल असावा. आन्सरिंग मशीन म्हणजे घरच्या फोनशेजारी ठेवलेली कॅसेटची डबी. व्हॉइसमेलमध्ये टेबलावर काहीच नसते. फोन उचलला गेला नाही किंवा लाइन गुंतलेली असली, की एक्स्चेंज तो कॉल दुसरीकडे वळवते. तिथे बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते आणि तो संगणकाच्या डिस्कवर, ज्याला फोन केला त्या माणसाच्या ‘पेटी’त साठतो. पेटीचा मालक कुठूनही फोन लावून, बटणांवर गुप्त क्रमांक दाबून निरोप ऐकू शकतो. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना या पद्धतीचे पेटंट १९८३ साली मिळाले. गुप्त क्रमांक हाच तिचा कच्चा दुवा, कारण कंपनीने सुरुवातीला दिलेला क्रमांक कित्येक जण बदलतच नसत. लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ची माणसे याच फटीतून परक्यांचे निरोप चोरून ऐकत. ते प्रकरण चिघळले आणि १६८ वर्षांचे ते साप्ताहिक जुलै २०११मध्ये बंद पडले. आपल्याकडे मोबाइलसोबत ही सोय आली खरी, पण लोकांचे काम फुकटच्या मिस्ड कॉलवरच भागले. (संपा.)