पाणबुड्याच्या श्वासाचा हिशेब

समुद्राच्या तळाशीं उतरणाऱ्या माणसाचे प्राण त्याला मिळणाऱ्या हवेवर अवलंबून असतात, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. परंतु ती हवा किती लागते, आणि खोली वाढली म्हणजे किती अधिक लागते, हा प्रश्न साधा दिसत असूनहि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नीट सुटलेला नव्हता. ऑगस्टस सीबे यांच्या १८३७ मधील पोषाखानें पाणबुड्याला धातूचें शिरस्त्राण व हवेची नळी दिली. होडीवरचे गडी पंपाचें चाक फिरवीत आणि खालचा माणूस त्यांच्या भरंवशावर काम करी. चाक फिरतें आहे, त्या अर्थीं हवा पोंचते आहे, असेंच बहुधा मानलें जाई.

१९०५ सालीं ब्रिटिश नौदलानें खोल पाण्यांतील कामाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली व तींत ऑक्सफर्डचे जॉन स्कॉट हॉल्डेन यांना घेतलें. खाणींतील विषारी वायूंचा अभ्यास करण्यांत या गृहस्थांचें अर्धें आयुष्य गेलेलें होतें. त्यांच्यापुढें आलेलें कोडें असें: खोल पाण्यांत थोडे श्रम केले तरी पाणबुड्याला विलक्षण धाप लागे, क्वचित् शुद्धहि हरपे, वरचे लोक मात्र शपथेवर सांगत कीं पंप एक क्षणहि थांबला नव्हता. दोघेहि खरेंच बोलत होते. समुद्रांत दर ३३ फुटांस वातावरणाइतका एक दाब वाढतो. ९९ फुटांवर एकूण दाब चौपट होतो, आणि पंपानें ढकललेली हवा तेथें पोंचेपर्यंत चौथाईच्या जागेंत मावते. शिवाय जुने पंप त्या दाबापुढें गळत, तें निराळेंच. परिणामीं उच्छ्वासांतील कार्बन डायॉक्साईड वायु शिरस्त्राणांतून धुऊन जाण्याऐवजीं तेथेंच सांचे. हॉल्डेन यांनीं दाखविलें कीं या वायूचा त्रास त्याच्या शेंकडेवारीवर नव्हे, तर दाबावर ठरतो: पृष्ठभागावर शेंकडा ३ प्रमाण सहन होईल, पण तेंच ६६ फुटांवर शेंकडा ९ प्रमाणें बाधेल.

यावरून निघालेला नियम एका ओळींत मावतो. पाणबुडा ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्या दाबानें मोजलेली दीड घनफूट हवा त्याला दर मिनिटास मिळाली पाहिजे. म्हणजे ९९ फुटांवर पंपानें सहा घनफूट द्यावयाची. १९०६ च्या ऑगस्टमध्यें स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रिव्हन या खाडींत डॅमंट व कॅटो हे नौदलाचे दोघे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले. वर येतांना टप्प्याटप्प्यानें थांबण्याचीं प्रसिद्ध कोष्टकें १९०८ सालीं छापलीं गेलीं व हॉल्डेन यांचें नांव त्यांच्यामुळेंच गाजलें. परंतु हवेचा हा नियम त्यांच्याइतकाच मोलाचा म्हटला पाहिजे.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनीं श्वास घेतांच आपोआप उघडणारी झडप सिद्ध केली आणि हवेचें नळकांडें पाणबुड्याच्या पाठीवर आलें. नळी गेली, तसे पंपावरचे गडीहि गेले. हिशेबाचें ओझें आतां एकट्या पाणबुड्यावर पडलें, आणि तेंहि अशा ठिकाणीं कीं जेथें बुद्धीच साथ सोडते! दाबाखालील नत्रवायु मद्यासारखी धुंदी आणतो, असें अल्बर्ट बेह्नके यांनीं १९३५ मध्येंच सुचविलें होतें. १९४७ सालीं कूस्तोंचा सहकारी मोरीस फार्ग सुमारें १२० मीटर उतरला, तेथील पाटीवर त्यानें सही केली, आणि वर ओढला गेला तो तोंडांतील नळी सुटलेल्या स्थितींत, निष्प्राण.

म्हणूनच हा हिशेब उथळ पाण्यांत हाडीं मुरवावा लागतो. पाणबुडा एका ठराविक खोलीवर दहा मिनिटें संथ पोहतो, आधींचा व नंतरचा दाब टिपतो, आणि आपल्या श्वासाचें पृष्ठभागावरील प्रमाण काढतो. पुढें दाबमापक पाहण्यापूर्वीं त्यावरील आंकडा मनाशीं सांगावयाचा, मग पाहावयाचें. कित्येक नवशिके काटकसर म्हणून श्वास रोखून धरतात. त्यांचें डोकें दुखूं लागतें, आणि हॉल्डेन यांचा तोच जुना वायु आपली वसुली करतो. वर येतांना श्वास रोखणें तर फुप्फुसास घातक.

फ्लॉरिडांतील पाण्यानें भरलेल्या गुहांमध्यें अनेक बळी पडल्यावर शेक एक्सली यांनीं १९७९ च्या आपल्या पुस्तकांत अपघातांची छाननी केली व एक-तृतीयांशाचा दंडक आग्रहानें मांडला: तिसरा हिस्सा जाण्यास, तिसरा परतण्यास, उरलेला संकटासाठीं. उघड्या समुद्रांत याहून बारीक आंकडेमोड करतां येते. १२ लिटरच्या नळकांड्यांत २०० बार दाबानें २४०० लिटर हवा मावते. ३० मीटरवर जोडीदाराची हवा संपली, तर घाबरलेले दोघे मिळून पृष्ठभागाच्या मापानें मिनिटास ६० लिटर घेतील असें धरावें. गोंधळ निस्तरण्याच्या एका मिनिटास २४० लिटर, तीन मिनिटांच्या चढणीस ४५०, पांच मीटरवरील तीन मिनिटांच्या थांब्यास २७०; एकूण ९६० लिटर, म्हणजे ८० बार. तेव्हां मापकाचा कांटा ८० वर येण्यापूर्वीं, खालीं कितीहि मनोहर दृश्य असलें तरी, दोघांनीं वरची वाट धरलेली असली पाहिजे.