सेंट पॅट्रिक्स डेचं तिकीट: तीन पौंड

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे झाला. जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, आम्ही तिघं मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेला डब्लिनला जायचं म्हणतोय. हॉस्टेलचे भाव बघून डोकं फिरलंय. पार्टटाइम करून साठवलेले पैसे आहेत. जावं का? आणि गेलो तर नक्की काय बघावं?" मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि थेट १८४६ सालात जाऊन पोहोचलो. खर्चाचं बोलूच, पण आधी गोष्ट ऐका. ती गोष्टही बजेट प्रवासाचीच आहे.

१७ मार्च १८४६, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेच. डब्लिनच्या कस्टम हाऊस धक्क्यावरून 'पर्सिव्हरन्स' नावाचं जहाज न्यूयॉर्कला निघालं. कॅप्टन विल्यम स्कॉट, वय ७४. प्रवासी २१०. डेकखालच्या दाटीवाटीच्या जागेचं भाडं तीन पौंड. जहाज १८ मेला न्यूयॉर्कला लागलं. बासष्ट दिवस! आणि सगळे जिवंत पोहोचले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या कित्येक जहाजांवर इतकी माणसं दगावली की लोक त्यांना 'शवपेटी जहाजं' म्हणायला लागले.

तीन पौंड म्हणजे किती? त्याच वर्षी सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते वगैरे. तिथे मजुराला दिवसाला साधारण आठ ते दहा पेन्स मिळायचे. तेव्हा एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे तीन पौंडांचे झाले ७२०. एका माणसाच्या एकेरी तिकिटासाठी अडीच ते तीन महिन्यांची मजुरी, तीही एक घास न खाता साठवली तर. त्यामुळे अगदीच हातावर पोट असलेली माणसं अमेरिकेला जाऊच शकत नव्हती. ती फार तर समुद्र ओलांडून लिव्हरपूलला पोहोचायची. कोण जाणार हे भूक ठरवत नव्हती, तिकिटाची किंमत ठरवत होती.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात. आयर्लंडचा गरीब माणूस बटाट्यावर जगायचा. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा पडत राहिला. साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली आणि निदान तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली. आणि या सगळ्या काळात देशातून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. आपल्याकडच्या दुष्काळांचा इतिहास वाचला असेल तर हे ओळखीचं वाटेल. राज्य एकाच सरकारचं होतं.

आयर्लंडमध्ये कुणी वारलं की रात्रभर मृतदेहापाशी जागायची पद्धत. शेजारीपाजारी येतात, खाणंपिणं होतं, आठवणी निघतात. अमेरिकेला निघालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठीही गावात तशीच रात्र जागवायचे. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. माणूस जिवंत, समोर बसलेला, आणि घरचे त्याचं मयत असल्यासारखे जागतायत. कारण व्यवहारात तेच होतं. परतीचं तिकीट हा प्रकारच नव्हता. आपल्याला विमानतळावर सोडायला येतात तेव्हा आई रडते, पण रात्री व्हिडिओ कॉल होतो. तिथे पुढची बातमी पत्राने, महिन्या-दोन महिन्यांनी. तीही लिहिता येत असेल तर.

तर हे लोक न्यूयॉर्कला उतरले. तिथे सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक आधीपासून होती! बॉस्टनमधल्या आयरिश मंडळींनी १७३७ मध्ये हा दिवस साजरा केला होता आणि न्यूयॉर्कमध्ये १७६२ पासून मिरवणूक निघत होती. गंमत म्हणजे त्या पहिल्या मिरवणुकीतले लोक ब्रिटिश सैन्यातले आयरिश शिपाई होते. म्हणजे अमेरिका स्वतंत्र देश होण्याआधी ही मिरवणूक तिथे आहे.

पण दुष्काळानंतर तिचा अर्थच बदलला. १८५० च्या जनगणनेत न्यूयॉर्कमधला जवळजवळ दर चौथा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. पुरुष गोदीत आणि बांधकामावर, बायका श्रीमंतांच्या घरी कामाला. नोकरीच्या जाहिरातींत 'आयरिश नकोत' असं छापून यायचं. अशा शहरात वर्षातून एक दिवस हजारो माणसं नीटनेटके कपडे घालून, बँड वाजवत, मुख्य रस्त्यावरून चालत जातात. यात सण किती आणि शक्तिप्रदर्शन किती, हे तुम्हीच ठरवा. मतांची मोजदाद करणाऱ्या राजकारण्यांनी ते बरोबर ओळखलं. १८८० मध्ये न्यूयॉर्कने पहिला आयरिश कॅथलिक महापौर निवडून दिला, विल्यम ग्रेस.

आणि ही माणसं पैसे साठवत होती. १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या आयरिश लोकांनी स्वतःची बँकच काढली, एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक. ठेवीदारांत मोलकरणी होत्या, हमाल होते. मोठी बहीण भांडी घासून पैसे जमवायची आणि गावी तिकीट पाठवायची. मग धाकटी यायची. मग दोघी मिळून भावाचं तिकीट. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराक्रम हा वाटतो, पण त्याचा पुतळा कुणी उभारत नाही.

जेवणाचंही तसंच. अमेरिकेत या दिवशी खारवलेलं गोमांस आणि कोबी खातात आणि 'अस्सल आयरिश' म्हणून मिरवतात. आयर्लंडमध्ये मात्र कोबीबरोबर डुकराचं मांस असायचं. न्यूयॉर्कमध्ये गोमांस परवडायचं म्हणून पदार्थ बदलला. बजेटने बनवलेली परंपरा, दुसरं काय.

आता मजा बघा. इकडे मूळ देशात हा दिवस कसा होता? शांत! सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची तीन पानं, घरी जेवण. सार्वजनिक सुट्टीसुद्धा १९०३ मध्ये मिळाली. देश स्वतंत्र झाल्यावर तर १९२० च्या दशकात सरकारने कायदाच केला की १७ मार्चला दारूची दुकानं आणि पब बंद. ही बंदी थेट १९६० मध्ये उठली. म्हणजे कित्येक वर्षं जगात या दिवशी दारू मिळायला सगळ्यात अवघड शहर कुठलं, तर डब्लिन. एक पळवाट होती. रॉयल डब्लिन सोसायटीचं कुत्र्यांचं प्रदर्शन त्या दिवशी भरायचं आणि तिथे बारला परवानगी होती. डब्लिनच्या लोकांत त्या दिवशी एकदम श्वानप्रेम उफाळून यायचं म्हणतात.

मिरवणूकही उशिरा आणि कोरडी. १९३१ ची सरकारी मिरवणूक म्हणजे लष्करी संचलन. पन्नाशीच्या दशकात देशी उद्योगांची मिरवणूक: ट्रकवर कंपन्यांची उत्पादनं मांडायची आणि रस्त्यावरून न्यायची. मार्चच्या पावसात उभं राहून लोक माल वाहून नेणारे ट्रक बघायचे! १९७० मध्ये पर्यटन खात्याच्या मंडळींनी सूत्रं घेतली आणि अमेरिकेहून शाळा-कॉलेजांचे बँड येऊ लागले. आज आपण फोटोत बघतो तो रंगीबेरंगी महोत्सव सरकारने १९९५ मध्ये ठरवला आणि १९९६ मध्ये पहिल्यांदा झाला. म्हणजे तो माझ्याच पिढीचा आहे. ओपन सोर्सवाल्यांना एका वाक्यात कळेल: घर सोडून गेलेल्यांनी सणाचा फोर्क केला, तो इतका चालला की शेवटी मूळ रिपॉझिटरीने तोच मर्ज करून घेतला.

याचा कळस ऐका. आयर्लंडच्या राष्ट्रीय दिवशी आयर्लंडचा पंतप्रधान सहसा आयर्लंडमध्ये नसतोच. १९५२ मध्ये आयरिश राजदूताने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची पेटी पाठवली, त्यातून प्रथा पडली. आता पंतप्रधान स्वतः मार्चमध्ये वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांना काचेच्या भांड्यात शॅमरॉक देतो. २०१८ मध्ये ते भांडं घेऊन उभे होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. स्वतः पंतप्रधान असताना, डिसेंबर २०१९ मध्ये, लिओ वराडला येऊन गेले. देश सोडून गेलेल्यांनी घडवलेला सण, आणि त्या दिवशी देशाचा चेहरा म्हणजे देशात बाहेरून आलेल्या माणसाचा मुलगा. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय.

आता मूळ प्रश्न. जावं का? माझं मत: हो, पण पबसाठी नाही. डब्लिनच्या टेम्पल बार भागात एक पाइंट बियर दहा युरोच्या घरात जाते. त्याला रुपयांत गुणू नका, त्रास होईल. वर इतिहास ऐकलाच आहे, त्या पबच्या गर्दीचं वय फार नाही. या दिवसाचं जे खरं आहे ते रस्त्यावर आहे, आणि रस्ता फुकट आहे.

सगळ्यात आधी व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी ६० युरो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो, तर जानेवारीत करून टाका आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. पॅट्रिकचं स्वतःचं सोपं झालं. तो पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमधून आला तोच पळवून आणलेला गुलाम म्हणून. सहा वर्षं मेंढरं राखली, पळाला, पुढे धर्मोपदेशक होऊन स्वतःहून परत आला. हे त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. रॉयल आयरिश अकादमीने ते इंग्रजी भाषांतरासह नेटवर फुकट ठेवलंय. विमानात वाचून होईल एवढंच आहे.

आणि हो, त्याची कबर दाखवतात ती डाउनपॅट्रिकला, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. बसला कुणी अडवत नाही म्हणून आयर्लंडच्या साध्या व्हिसावर तिकडे जाऊ नका. सीमेवर फाटक नसलं तरी कायदा आहे.

१६ तारखेला पोहोचलात तर किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय बघा, प्रवेश फुकट. पॅट्रिकची म्हणून जपलेली लोखंडी घंटा तिथे आहे. दिसायला अगदी आपल्या गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखी, आणि शेजारी तिच्यासाठी साधारण ११०० च्या सुमारास बनवलेलं सोन्याचांदीचं आवरण. सुट्टीच्या दिवसाच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून हे आदल्या दिवशीच उरका. चेस्टर बीटी संग्रहालयही फुकट, तिथे मुघल चित्रं आहेत.

राहायला शहराच्या मध्यात हट्ट धरू नका. ट्राम किंवा लोकल ट्रेनच्या मार्गावर बाहेर कुठेही चालेल. लीप कार्ड घ्या. त्यावर दोन युरोत नव्वद मिनिटं बस, ट्राम बदलत फिरता येतं. मिरवणुकीच्या वेळी मधले रस्ते बंद असतात, शेवटचा टप्पा पायीच. जेवणाला सुपरमार्केट आहेच. फक्त कॅन घेऊन रस्त्यावर प्यायला बसू नका, शहराच्या नियमात ते बसत नाही.

मिरवणूक दुपारी बाराला पार्नेल स्क्वेअरहून निघते, ओकॉनेल स्ट्रीटवरून नदी ओलांडून क्राइस्ट चर्चवरून पुढे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या बाजूला जाते. ग्रँडस्टँडची तिकिटं विकतात, ती घेऊ नका. रस्त्याच्या कडेला लवकर जाऊन जागा धरा. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर जागा धरलेल्यांना हे शिकवायला नको.

त्याआधी सकाळी एक करा. ओकॉनेल पुलापासून नदीच्या उत्तर काठाने पूर्वेला चालत निघा, दहा-पंधरा मिनिटं. कस्टम हाऊस धक्क्यावर ब्राँझचे पुतळे आहेत, रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने केलेले, १९९७ पासून तिथे उभे. फाटक्या कपड्यांतली, हाडं वर आलेली माणसं बोचकी छातीशी धरून बंदराकडे चाललीत. मागे एक हडकुळा कुत्रा. याच धक्क्यावरून 'पर्सिव्हरन्स' निघालं होतं, याच तारखेला. तिथे तिकीट नाही, रांग नाही. त्या सकाळी सगळे मिरवणुकीची जागा धरायला गेलेले असतात, त्यामुळे गर्दीही फारशी नसावी.

सामानाचं शेवटचं: स्वस्त विमानात छोटी बॅग चालते ती खरंच छोटी, मापं वेबसाइटवर बघून घ्या. छत्री नेऊ नका, नदीकाठच्या वाऱ्यात उलटी होते. टोपीवालं जाकीट न्या. आणि हिरवा टी-शर्ट तिथे विकत घेऊ नका, घरून न्या.