उशिरा बोलणारी मुले आणि अमेरिकेचा कायदा

मूल अडीच वर्षांचे झाले तरी 'आई' आणि 'पाणी' यांच्यापलीकडे त्याची वाचा फुटत नाही असे दिसू लागले, की "याचा बापही चौथ्या वर्षी बोलू लागला" असे सांगून घरातील वडीलधारी माणसे आईची समजूत घालतात. ही समजूत आपल्याकडे जशी पिढ्यानुपिढ्या चालत आली तशीच ती अमेरिकेतही चालत आली होती, आणि तेथे घरचा डॉक्टरही पुष्कळदा तिच्यावर आपली मोहोर उठवीत असे. तिच्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येत नाही. दुसरे वर्ष पुरे होताना ज्यांच्याजवळ पन्नास शब्द नसतात, किंवा ज्यांना दोन शब्द जोडता येत नाहीत, अशी पुष्कळशी मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत इतरांच्या बरोबरीला येतात. परंतु जी येत नाहीत ती कोणती, हे त्या कोवळ्या वयात खात्रीने सांगता येत नाही, आणि वाट पाहण्यात जी वर्षे जातात ती नेमकी भाषा घडण्याची वर्षे असतात. अशा मुलाला शाळेपूर्वीच सरकारने मदत द्यावी काय, द्यावी तर कोणाला, आणि पात्रता ठरवावी ती कोणत्या मोजमापाने, या प्रश्नांभोवती तेथे जवळजवळ शंभर वर्षे जी खटपट झाली, ती जाणून घेण्यासारखी आहे.

आरंभ झाला तो शाळेच्या आत. १९१० साली शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी तोतरे बोलणाऱ्या मुलांसाठी खास शिक्षक नेमले, आणि हा शिरस्ता हळूहळू इतर मोठ्या शहरांत पसरला. पुढे १९२५ मध्ये वाचादोषांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी आयोवा सिटी येथे आपली संघटना स्थापन केली, आणि आयोवा विद्यापीठ हे या नव्या विद्येचे माहेरघर ठरले. मात्र या साऱ्या उद्योगात गृहीत असे होते की मूल आधी शाळेच्या दारात यावे, बाकावर बसावे, आणि मग त्याचा दोष कोणाच्या तरी ध्यानात यावा. तीन वर्षांचे मूल या हिशेबात कोठेच नव्हते.

ते हिशेबात येण्याचे कारण मात्र याच आयोवात, डॅव्हनपोर्ट गावच्या अनाथगृहात घडले. १९३० नंतरच्या दशकात हॅरोल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने तेथील तेरा लहानग्या मुलांना, ज्यांची बुद्धी वाढण्याची आशा सर्वांनी सोडून दिली होती, मतिमंद स्त्रियांच्या एका संस्थेत हलविले. त्या स्त्रियांनी आणि तेथील परिचारिकांनी त्यांना कडेवर घेतले, त्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांना खेळविले, त्यांचे लाड केले, आणि त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७-२८ गुणांनी वाढला. अनाथगृहातच राहिलेल्या बारा मुलांचा जवळजवळ तितकाच घटला. १९६६ मध्ये स्कील्सने या सर्वांचा पुन्हा मागोवा घेऊन जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात पहिली तेराही माणसे स्वतःच्या पायांवर उभी असल्याचे दिसले, आणि दुसऱ्या गटातील काहींचे आयुष्य संस्थांच्या भिंतींतच चालले होते. बालपणीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत माणसांच्या सहवासाने किती फरक पडतो याचा याहून ठसठशीत दाखला त्या काळी कोणाजवळ नव्हता.

त्याच अनाथगृहात १९३९ साली दुसराही एक प्रयोग झाला, आणि तो आठवला म्हणजे मन विषण्ण होते. वेंडेल जॉन्सन हा विद्वान स्वतः लहानपणापासून तोतरेपणाने पीडलेला होता, आणि तोतरेपणा हा मुलाच्या जिभेपेक्षा मोठ्यांच्या टोकण्यातून जन्मतो असा त्याचा सिद्धान्त होता; तो पडताळण्यासाठी त्याच्या हाताखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने बावीस अनाथ मुले घेतली, आणि त्यांतील काही अस्खलित बोलणाऱ्या मुलांना तुमचे बोलणे सदोष आहे, ते सुधारा, असे वारंवार बजावले. ती मुले गप्प होऊ लागली, बिचकू लागली, आणि त्यांतील काहींना त्याची सल जन्मभर राहिली. आयोवा विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर क्षमा मागितली, परंतु ज्यांचे बालपण त्यात गेले त्यांच्या दृष्टीने ती फार उशिरा आली होती. लहान मुलाच्या वाचेवर दोषाचा शिक्का मारणे हे किती जोखमीचे काम आहे, ही जाणीव या विद्येच्या अंतःकरणात तेव्हापासून आहे, आणि पुढच्या कायद्यांतील कित्येक शब्द तिच्यामुळेच जपून निवडले गेले असावेत असे मला वाटते.

मुलांच्या बाजूने कायदा उभा राहिला तो न्यायालयांच्या मार्गाने. पेन्सिल्व्हेनिया राज्यात ज्या मुलाचे मानसिक वय पाच वर्षांचे भरत नसे त्याला शाळेत घेण्यास नकार देण्याची मुभा शाळांना होती. तिच्याविरुद्ध पालकांच्या संघटनेने दावा लावला, आणि १९७१-७२ मध्ये उभयपक्षी मान्य झालेल्या हुकूमनाम्याने ती मुभा संपुष्टात आली. १९७२ मध्येच राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांविरुद्ध मिल्स खटल्याचा निवाडा झाला. खजिन्यात पैसा पुरत नाही ही सबब अपंग मुलाला शाळेबाहेर ठेवण्यास चालणार नाही, तंगीचा भार सर्व मुलांवर सारखाच पडला पाहिजे, असे न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी त्यात सांगितले. त्याच साली, गरीब घरांतील लहान मुलांसाठी १९६५ पासून चाललेल्या 'हेड स्टार्ट' बालवर्गांत दहा टक्के जागा अपंग मुलांसाठी ठेवण्याचा आदेश काँग्रेसने दिला, आणि शाळेपूर्वीचे अपंग मूल सरकारी दफ्तरात संख्येने नोंदले जाऊ लागले.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने अपंग मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न दयेच्या प्रांतातून हक्काच्या प्रांतात आणला. देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही, आणि दहा लाख तर शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी कबुली कायद्याच्या प्रास्ताविकातच नमूद होती. त्या काळी केंद्र सरकारच्या अपंग-शिक्षण खात्याचे प्रमुख असलेले एडविन मार्टिन हे मूळचे वाचोपचाराचे प्राध्यापक; अपंगत्वाच्या प्रकारांत वाचादोषाला पहिल्यापासून स्वतंत्र स्थान राहिले यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. या कायद्यातील सर्वांत दूरदृष्टीची तरतूद माझ्या मते मुले शोधून काढण्याची आहे. पालकाने अर्ज घेऊन हेलपाटे घालावेत आणि खात्याने मर्जी झाल्यास ऐकावे, हा जुना क्रम तिने उलटा केला; मूल हुडकणे, त्याची विनामूल्य तपासणी करणे आणि त्याच्यासाठी आराखडा आखणे हे सरकारचे कर्तव्य ठरले.

परंतु तीन ते पाच वर्षांच्या मुलांविषयी या कायद्याने हात आखडता घेतला. राज्याच्या स्वतःच्या कायद्याशी किंवा वहिवाटीशी विसंगत असेल तर या वयाच्या मुलांना शिक्षण देण्याची सक्ती राज्यावर नव्हती. जे राज्य देईल त्याला मुलामागे तीनशे डॉलरपर्यंत प्रोत्साहनपर अनुदानाची तजवीज होती, आणि तेवढी रक्कम प्रत्यक्षात कधी हाती पडली नाही. त्यामुळे पुढील दहा वर्षे असा विचित्र प्रकार चालला की एकच मूल नदीच्या एका तीरावरील राज्यात हक्कदार असे आणि दुसऱ्या तीरावर नसे. सेनेटर लोवेल वायकर यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि ८ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने हा प्रकार मिटविला. १९९१-९२ या शैक्षणिक वर्षापर्यंत तिसऱ्या वर्षापासूनच्या सर्व पात्र मुलांना विशेष शिक्षण द्यावे, न दिल्यास या वयासाठीचे केंद्रीय अनुदान बंद, अशी कळ त्यात होती, आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन' या नावाने निराळी व्यवस्थाही त्यातच सुरू झाली.

१९९१ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पडले. तीन ते पाच वर्षांच्या मुलावर मतिमंद किंवा तत्सम नावाचा शिक्का मारण्याऐवजी 'विकासातील विलंब' एवढेच नमूद करून त्याला मदत देण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. १९९७ मध्ये ही मोकळीक नवव्या वर्षापर्यंत वाढली. डॅव्हनपोर्टच्या त्या गप्प झालेल्या मुलांची आठवण ठेवून पाहिले म्हणजे या सौम्य शब्दयोजनेचे मोल कळते.

आता पात्रतेच्या मोजमापाकडे वळू, कारण खरी अडचण तेथेच आहे. विलंब म्हणजे किती विलंब हे केंद्राच्या कायद्याने सांगितले नाही. ते राज्यांवर सोपविले. न्यू जर्सीत विकासाच्या एका अंगात ३३ टक्के किंवा दोन अंगांत २५ टक्के विलंब असला पाहिजे. न्यू यॉर्कमध्ये हेच आकडे आहेत, आणि त्यांच्या जोडीला बारा महिन्यांचा विलंब अथवा प्रमाण विचलनाचे निकषही आहेत. कॅलिफोर्नियात भाषेच्या दोन प्रमाणित चाचण्यांत मुलाचे गुण सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलनाने खाली, म्हणजे शंभर मुलांत शेवटच्या सातांत, यावे लागतात. किंवा एकच चाचणी आणि तिच्या जोडीला मुलाच्या स्वाभाविक बोलण्यातील किमान पन्नास उद्गारांचा नमुना चालतो. ही शेवटची सोय मला फार शहाणपणाची वाटते. तपासनीस बाई जमिनीवर सतरंजीवर बसते, खेळण्यातली गाडी पुढे सरकवते, मूल "गाडी गेली", "अजून दे", "नको" असे जे बोलेल ते जसेच्या तसे उतरवून घेते, आणि त्या पन्नास ओळींत मुलाची भाषा जेवढी दिसते तेवढी चित्रांच्या पुस्तकावर बोट ठेववून घेतलेल्या परीक्षेत क्वचितच दिसते.

टक्क्यांच्या हिशेबातील एक दोष मात्र थोड्या गणितानेच उघड होतो. छत्तीस महिन्यांचे मूल चोवीस महिन्यांच्या मुलासारखे बोलत असेल तर विलंब बारा महिन्यांचा, म्हणजे ३३ टक्के, आणि ते पात्र ठरते. तेच मूल अठ्ठेचाळीस महिन्यांचे झाले, छत्तीस महिन्यांच्या मुलासारखे बोलू लागले, तर अंतर बाराच महिन्यांचे असूनही टक्के २५ होतात, आणि भाषा हे एकच अंग मागे असेल तर या तरतुदीखाली ते अपात्र होते. मूल बरोबरीला आलेले नसते. भागाकाराचा छेद तेवढा वाढलेला असतो. म्हणूनच कोणत्याही एका मोजमापावर निकाल लावू नये असे केंद्राच्या कायद्याने बजावून ठेवले आहे, आणि ही ताकीद जेथे पाळली जाते तेथेच मुलांना न्याय मिळतो.

दुसरी अडचण व्याख्येतील आहे. नियमांत वाचा-भाषादोषाची व्याख्या देताना तोतरेपणा, सदोष उच्चार, भाषेतील उणीव, आवाजातील दोष ही उदाहरणे घातली आहेत, आणि पुढे अशी अट जोडली आहे की त्या दोषाचा मुलाच्या शैक्षणिक कामगिरीवर प्रतिकूल परिणाम झाला पाहिजे. ज्या मुलाने अद्याप पाटीला हात लावलेला नाही त्याची शैक्षणिक कामगिरी कोठे शोधावयाची? या शब्दांचा आधार घेऊन कित्येक शाळाखात्यांनी, मुलाला रंग ओळखता येतात, ठोकळे रचता येतात, तेव्हा त्याच्या बोलण्याची चिंता नको, असा निकाल दिला. २००७ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने एका पत्राद्वारे स्पष्ट केले की शैक्षणिक कामगिरी म्हणजे केवळ अभ्यासातील गुण नव्हेत. शाळेपूर्वीच्या मुलाचा आराखडा लिहिताना, वयाला साजेशा खेळांत आणि व्यवहारांत त्याला भाग घेता येतो की नाही हे पाहावे, असे तर नियमांतच लिहिले आहे. समवयस्कांना आपले म्हणणे न कळल्यामुळे जे मूल हातातले खेळणे फेकते आणि कोपऱ्यात जाऊन बसते, त्याच्या शिक्षणावर परिणाम झालेला आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

तिसऱ्या वाढदिवसाचा प्रश्नही येथेच सांगावयास हवा. त्या दिवशी मूल 'अर्ली इंटरव्हेन्शन'कडून शाळाखात्याकडे जाते. पहिल्या व्यवस्थेत तज्ज्ञ घरी येऊन आईबापांनाही शिकवितात, दुसरीत शाळा हा केंद्रबिंदू असतो, आणि पात्रतेचा विचार नव्याने होतो. वाढदिवसापर्यंत नवा आराखडा तयार असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती चुकली, किंवा नव्या निकषांत मूल थोडक्यासाठी बसले नाही, तर ज्याचे फक्त बोलणे मागे आहे असेच मूल सर्वांत आधी गळते. २०१८ च्या सुमारास तीन ते पाच वर्षांच्या आठ लाखांहून अधिक मुलांना हे शिक्षण मिळत होते, आणि वाचा-भाषादोष व विकासातील विलंब हेच त्यांतील दोन सर्वांत मोठे गट होते. खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलण्याचे जे आश्वासन केंद्राने १९७५ मध्ये दिले होते ते आजवर पूर्णपणे पाळले गेलेले नाही, आणि निकष कडक करण्याचा मोह शाळाखात्यांना कोठून होतो हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

या इतिहासाचा आपल्या माणसांशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांतील मराठी घरांत. घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या अशा मुलांच्या कामी येणारा डायना खटला १९७० मध्ये कॅलिफोर्नियात चालला. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीत परीक्षा घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकल्याचे त्यात उघड झाले, आणि मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत, अथवा ज्या भाषेत त्याची कुवत खरी दिसेल त्या भाषेत, व्हावी हे तत्त्व पुढे कायद्यात आले. १९८३ मध्ये वाचातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने इंग्रजीची कोणतीही बोली म्हणजे दोष नव्हे असेही जाहीर केले. घरात मराठी बोलली म्हणून मुलाचे बोलणे मागे पडते, तेव्हा घरी इंग्रजीच बोला, असा सल्ला आपल्या मंडळींना अजूनही कोठे कोठे मिळतो. त्याला आधार नाही, कारण दोन भाषांच्या सहवासाने वाचादोष उत्पन्न होत नाही, आणि ज्याला खरा दोष आहे त्याचा तो दोन्ही भाषांत दिसतो.

म्हणून मुलाच्या इंग्रजी शब्दांबरोबर त्याचे मराठी शब्दही मोजले गेले पाहिजेत. परंतु मराठी मुलांसाठी अमेरिकेत प्रमाणित झालेली चाचणी हाताशी नसते, मराठी जाणणारा वाचातज्ज्ञ प्रत्येक गावी मिळत नाही, आणि दुभाष्याच्या मदतीने काम भागवावे लागते. अशा वेळी मूल आजीशी काय बोलते, फोनवर मामाला काय सांगते, भूक लागली म्हणजे कोणता शब्द वापरते, यांची आईने घरी करून ठेवलेली यादी तपासणीच्या दिवशी फार उपयोगी पडते. पालकांनी दिलेली माहिती विचारात घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती यादी अहवालाला जोडावी असा आग्रह आईबापांनी लेखी धरावा, आणि तपासणीची मागणीही तारीख घालून लेखीच करावी.